वि. स. पागे आणि रोजगार हमी

प्रतिवर्षी ह्या स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होतात. यंदा वि. स. पागे ह्यांच्या कार्यावर लिहावे असे आम्ही कळविले, तेव्हा "ते आपल्यापैकी होते काय?" अशी पृच्छा झाली. तिचे उत्तर देण्यापूर्वी ज्ञातिबांधवांनी १९७२ च्या दुष्काळाची आठवण करावी, एवढीच आमची विनंती आहे.

त्या वेळी आम्ही प्राथमिक शाळेत होतो. विहिरींचे तळ उघडे पडले होते, रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळत होती आणि सुकडीच्या पिशवीसाठी मुले रांगेत उभी राहत होती. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर राज्यभर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. ज्या घरांतील स्त्रिया तोपर्यंत वाड्याबाहेर मजुरीला गेल्या नव्हत्या, त्याही डोक्यावरचा पदर पुढे ओढून खडी फोडावयास बसल्या. त्यांत आपल्या ज्ञातीच्या स्त्रिया होत्या. हे वाक्य लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही. परंतु गेल्या इतक्या वर्षांत ते ह्या पानांवर कोणी लिहिले नाही, हेही खरे.

खडी फोडण्याने पोट भरले, ह्यात शंका नाही. तथापि पाऊस पडल्यानंतरही ते ढीग रस्त्यांच्या कडेला तसेच पडून होते. एवढ्या घामातून उभे काय राहिले? नेमका हाच प्रश्न पागे ह्यांनी फार पूर्वीच स्वतःशी केला होता. ते १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीचे आसन हे वस्तुतः ऐकण्याचे आसन. परंतु त्यांचे मन गावाकडच्या रिकाम्या हातांत गुंतलेले होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूरच्या परिसरातील काही गावांत त्यांनी आपल्या कल्पनेची प्रथम परीक्षा पाहिली. कल्पना अगदी साधी होती. अंगमेहनत करावयास तयार असलेल्या प्रौढ माणसाने काम मागितले, तर शासनाने ते दिलेच पाहिजे. आणि ते काम असे असावे की त्यातून जमिनीची व पाण्याची कायमची जोपासना व्हावी. वसंतराव नाईक ह्यांच्या मंत्रिमंडळाने १९७२ साली ही योजना स्वीकारली. पण लगेच महादुष्काळ कोसळल्यामुळे तिची खरी वाटचाल तो ओसरल्यावरच सुरू झाली.

पाझर तलाव म्हणजे काय, हे शहरात वाढलेल्या पिढीस सांगावयास हवे. नाल्यावर मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवावयाचे. पण कालव्याने वाहून न नेता ते भूमीत मुरू द्यावयाचे. मग खालच्या अंगाच्या विहिरींचे झरे, जे पूर्वी लवकर आटत, ते उन्हाळ्यापर्यंत टिकतात. ह्याच्या जोडीला शेतांची बांधबंदिस्ती, नालाबांध व झाडांची लागवड. "पर्यावरण" हा शब्द गावात कोणाच्या तोंडी नव्हता, त्या काळी हे काम घमेल्याने चालले होते.

पैसा कोठून आला, हेही ध्यानी घ्यावे. १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. नोकरदार व व्यापारी ह्यांच्या मिळकतीतून कापलेली रक्कम, अधिक शासनाचा तेवढाच वाटा, असा हा निधी होता. शिक्षक झाल्यावर आमच्याही वेतनातून तो कर कापला जात असे, व आम्हीही इतरांप्रमाणे कुरकुर केली आहे. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता देण्याची जबाबदारी शासनावर आली, मग तो दिवसास एक रुपया का असेना. स्त्रीपुरुषांस दर एकच, आणि मजुरी स्त्रीच्या स्वतःच्या हातात. आमच्या मते ह्या योजनेची सर्वांत मोठी सामाजिक सुधारणा ती हीच. ज्या बाईने हजेरीपटावर अंगठा उठवून स्वतःचे पैसे मोजून घेतले, तिला घरात पूर्वीइतके सहज गप्प करता आले नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. खोट्या हजेऱ्या लागल्या, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, कित्येक तलाव गाळाने भरले. त्याहून बोचणारी गोष्ट निराळीच आहे. तलावाचे पाणी ज्याची विहीर त्याच्या विहिरीत उतरले. बांध घालणाऱ्या भूमिहीनाच्या वाट्यास मजुरीच काय ती आली. ही तेढ पागे ह्यांच्या योजनेने सोडविली नाही. तरीही २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगाराचा कायदा केला आणि २ फेब्रुवारी २००६ पासून तो प्रथम २०० जिल्ह्यांत लागू झाला, तेव्हा त्यापुढे नमुना होता तो महाराष्ट्राचाच.

आमच्या मातोश्री अशाच एका तलावाच्या कामावर होत्या. पुढे एस.टी.तून जाताना तो बांध दिसला की "ह्यातले दगड आमचे" असे म्हणून त्या बोट दाखवीत. शेजारच्या बाकावर ज्ञातीतील कोणी बसलेले असले, तर मात्र त्या खिडकीबाहेर पाहत गप्प राहत.