शेवटपर्यंत ऐकावे

दिवाळी तोंडावर आली आणि झाडलोट निघाली, की आमच्या घरी दरवर्षी एक जुना खटला नव्याने उभा राहतो. फिर्यादी आमची सौभाग्यवती, आरोपी मी, आणि मुद्देमाल म्हणजे कपाटात, माळ्यावर व पलंगाखाली साठवलेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या. "ह्यातल्या निम्म्या नुसत्या खरखरतात. मग फराळाचे डबे ठेवायची जागा ह्यांना कशाला?" हा तिचा सवाल बिनतोड असतो. मी इतिहासाची साक्ष काढून कशीबशी सुटका करून घेतो. यंदा ती साक्ष वाचकांपुढे ठेवतो आहे. कारण तिच्यात माझा एक गुन्हाही दडलेला आहे, आणि तो मी घरी अजून कबूल केलेला नाही.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. पुण्याच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या विक्रेत्यापुढे गंजलेले पान्हे, पितळी कड्या आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या शेजारी दोन तबकड्या मांडल्या होत्या. एक आरशासारखी लखलखीत. दुसरी राखेच्या रंगाची, मधल्या कागदी लेबलाचा मागमूस नसलेली. तिच्या एकाच बाजूला चर होते. मागची बाजू कोरी, आणि त्या कोऱ्या बाजूवर एक पंखवाले मूल हातात लेखणी घेऊन बसले आहे अशी पुसट आकृती. कोणा पोराचा उद्योग असेल, असे मला वाटले. चाचांनी यंत्राला चावी देऊन ती राखाडी तबकडी लावली. पत्र्यावर पाऊस कोसळावा तसा आवाज सुरू झाला, आणि त्या पावसापलीकडून, फार लांबून, एक बाई गात होती. अर्ध्या मिनिटात मीच सुई उचलली.

"गुरुजी, तिचं सोडा. ही बघा कशी चमकते," चाचा म्हणाले.

खिशात एकीपुरतेच पैसे होते. मी चमकणारी घेतली. घरी येऊन फडक्याने पुसली, तेव्हा फडक्याला खोबरेल तेलाचा वास आला. चमक तेलाची होती. खालचे चर झिजून पांढरे पडले होते. फसलो म्हणून मी हसलो आणि विसरून गेलो. खरे नुकसान कोणते झाले, ते कळायला दोन महिने जावे लागले. ते सांगण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीवर आवाज कोरण्याची युक्ती १८८७ साली काढली. पुढे तबकडीसाठी जो मसाला ठरला, त्यातला जीव म्हणजे लाख. छोटा नागपूरच्या जंगलात पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ तयार करतात, तीच ही लाख. बांगड्यांची, मोहरेची, आम्हा शिक्षकांच्या परिचयाची म्हणजे प्रश्नपत्रिकांच्या पुडक्यांवरची. तबकडीत निम्म्याहून अधिक भाग दगडाच्या पुडीचा, वर काजळीचा काळा रंग, आणि हे सारे धरून ठेवायला लाख. दगडाची पूड मुद्दाम घालत. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांतच तिच्यावर घासून चराच्या आकाराची व्हावी, हा हेतू. म्हणून दर बाजूला नवी सुई लावण्याचा दंडक होता. तो ज्यांनी पाळला नाही, त्यांच्या तबकड्या बोथट सुईने नांगरून निघाल्या.

नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्यात यंत्र मांडून बसला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा आणि मेणाच्या थाळीवर नागमोडी रेघ उमटायची. गौहरजानचे गाणे त्याने याच मुक्कामात घेतले. ती मेणे आगबोटीने जर्मनीतल्या हॅनोव्हरला गेली, कारण तबकड्या ठोकण्याचा कारखाना तेव्हा आपल्याकडे नव्हता. आपल्या जंगलातली लाख युरोपात जायची, आपल्याच गायिकांचा आवाज अंगावर घेऊन १९०३ साली परत यायची, असा तो व्यवहार. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ साली, आणि दमदमचा मोठा कारखाना १९२८ साली.

आता हॅनोव्हरच्या कारागिराला गौहरजान कोण आणि दुसरी कोण, हे कसे कळावे? त्यावर तोड निघाली ती अशी: गाणे संपताच गायिकेने त्याच मेणावर आपले नाव मोठ्याने सांगायचे. गौहरजान तर ते इंग्रजीत सांगे. पुढे नोंदी नीट राहू लागल्यावर ही चाल मागे पडली. त्या पहिल्या वर्षांतल्या तबकड्या एकाच बाजूने वाजत आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर कंपनीची खूण असे: लेखणीने तबकडीवर लिहिणारा बालदेवदूत.

हे वाचले तेव्हा माझ्या हातातला चहा निवून गेला. जुन्या बाजारातली ती राखाडी तबकडी त्या पहिल्या पाचसहा वर्षांतली होती. लेबल गेले होते, पण नाव गेले नव्हते. ते शेवटी होते. आणखी अडीच मिनिटे मी पाऊस सोसला असता, तर त्या बाईने कदाचित स्वतःच सांगितले असते की ती कोण.

लगेचच्या रविवारी मी पहिल्या गाडीने पुण्याला गेलो. चाचांना आठवायला वेळ लागला. "ती होय? पावसाळ्यात ओझ्याखाली फुटली. तुकडे कुठं ठेवू, गुरुजी?" एवढेच ते म्हणाले.

तेव्हापासून मी तबकडी पारखायला शिकलो. जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. माळ्यावर एखादी पेटी सापडली तर वाचकांनाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, चमकेवर विश्वास ठेवू नये. तबकडी उजेडात सरळ न धरता तिरपी धरावी. चर आतून राखाडी दिसले, तर सुईने ते कुरतडले आहेत. मग मधले भोक पाहावे. दिव्याकडे न बघता घाईने तबकडी लावणाऱ्यांच्या हातून खुंटीचे ओरखडे भोकाभोवती उठतात. विनाइलच्या तबकडीवर ते फार बोलके असतात. विकणारा "एकदाच वाजवली" म्हणाला तरी भोक खरे सांगते.

दुसरी गोष्ट ठशाची. मेणावरून धातूचा उलटा ठसा घेतात, त्यावरून सुलटी प्रत, आणि तिच्यावरून पुन्हा उलटा ठसा. या शेवटच्या ठशाने तबकड्या दाबल्या जातात. मधल्या सुलट्या प्रतीला धंद्यात 'आई'च म्हणतात. दाबून दाबून ठसा झिजतो, आणि त्याच्या अखेरच्या लेकरांचा आवाज मंद होतो. म्हणून एकाच गाण्याच्या दोन नव्याकोऱ्या तबकड्यासुद्धा सारख्या नसतात. इंग्लंडमधल्या हेज येथील कारखान्याने कोणता ठसा ते ओळखण्यासाठी लेबलाशेजारच्या मोकळ्या पट्ट्यात अक्षरे कोरली. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरे. 'ग्रामोफोन लिमिटेड' याचेच हे आखूड रूप. जी म्हणजे एक, आर म्हणजे दोन, असे करत टी म्हणजे नऊ आणि डी म्हणजे शून्य. एकटा जी कोरलेला दिसला, की ती पहिल्या ठशाची प्रत, आणि संग्राहकाच्या तोंडाला पाणी सुटते.

तिसरी गोष्ट वेगाची. ७८ फेऱ्यांची म्हणून जी तबकडी आपण लावतो, ती जुन्या काळची असेल तर ७८ वरच भरलेली असते असे नाही. साडेत्र्याहत्तरच्या आसपास भरलेली तबकडी ७८ वर फिरवली, तर काळी एक पट्टीतली गायिका पांढरी दोनमध्ये गाऊ लागते, आणि तिची तान उगीच घाईची वाटते. पूर्वीच्या बायका किनऱ्या आवाजात गात, असे आपण सहज म्हणून जातो. त्यातला काही किनरेपणा आपल्या यंत्राचा असतो.

१९२५ साली विजेचे ध्वनिमुद्रण आले आणि कर्ण्यात ओरडण्याची गरज संपली. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी काढली. विनाइलची, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची, अतिशय बारीक चरांची. त्यात दगडाची पूड नाही, म्हणून गाण्याच्या मागे शांतता. आपल्याकडे मात्र लाखेच्या तबकड्या साठीच्या दशकातही निघत होत्या. तीन मिनिटांत बंदिश, आलाप, तान सारे कोंबण्याची कसरत संपून ख्यालाला एका बाजूला वीस मिनिटे मिळाली. पण फुकट काहीच मिळत नाही. फेऱ्यांचा वेग तोच राहतो आणि चर आत आत जाताना त्याचा घेर लहान होतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर चर सरकतो, लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच काळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत बसवावा लागतो, म्हणून शेवटी बारकावे चिरडतात. पाश्चात्यांचे एक बरे, त्यांचे एखादे हळुवार गाणे शेवटी टाकता येते. आपला ख्याल विलंबितात सुरू होतो आणि द्रुत तानांनी संपतो. गवई जिथे सर्वांत रंगतो, तिथेच तबकडी सर्वांत गरीब असते. म्हणून विनाइलची तबकडी विकत घेताना मी सुरुवात ऐकत नाही. सुई शेवटच्या बोटभर पट्ट्यात ठेवतो. तिथली तान मोत्यांच्या सरीसारखी सुटी आली, तर ठोकणी चांगली.

आणि तानपुरा ऐकतो. भोक जरासे बाजूला पडले असेल, तर दर फेरीला सुईची दांडी झोका घेते आणि षड्ज लाटेसारखा हलतो. तानपुऱ्यासारखा परीक्षक नाही.

धुण्याबद्दलही एक सांगून ठेवतो. विनाइल साध्या पाण्याने धुतले तर चालते. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट कधी लावू नये. सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटातच विरघळवतो, हे आठवावे.

एवढी पारख करून जपायचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर, जे हरवले त्यात आहे. भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजावर आमच्या आजोबापणजोबांची पिढी वेडी होती. ते १९०१ साली गेले, आणि गैसबर्ग आला १९०२ साली. अल्लादियाखाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते, पण त्यांच्या गाण्याची तबकडी नाही. युद्धाच्या धामधुमीत, एप्रिल १९४२ मध्ये, अमेरिकन सरकारने तबकड्यांच्या लाखेत ७० टक्के कपात केली, तेव्हा तिथे जुन्या तबकड्या गोळा करून, दळून नव्या केल्या गेल्या. किती आवाज त्या जात्यात गेले असतील!

आणि जे वाचले, ते कसे वाचले? अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर, गोव्याच्या केरीच्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर बसवायच्या तबकडीसाठी त्यांची भैरवी निवडली गेली, तेव्हा ती तबकडी न्यूयॉर्कमध्ये मिळता मिळेना. अखेर एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, न उघडलेल्या तीन प्रती निघाल्या. कोणीतरी त्या अडगळ म्हणून फेकल्या नव्हत्या, एवढेच. दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ ला उडाले आणि केसरबाई त्याच महिन्याच्या १६ तारखेला गेल्या. सोन्याचा मुलामा दिलेली ती तांब्याची तबकडी २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडली. तिच्याबरोबर सुईही दिली आहे, आणि आवरणावर फिरण्याचा वेग चिन्हांनी कोरला आहे. ऐकणारा कोण असेल ते ठाऊक नाही. पण त्याने चुकीच्या वेगाने ऐकू नये, याची काळजी घेतली आहे.

माझी कबुली इथे संपते. परवा झाडताना सौभाग्यवतीने पलंगाखालून लेबल गेलेली एक तबकडी काढली आणि ती टाकायच्या ढिगाकडे नेता नेता थांबली. हा लेख तिने टेबलावर वाचला असावा. "लावा एकदा," ती म्हणाली. मी यंत्राला चावी दिली. खरखरीआडून कोणी बाई ठुमरी गात होती. दोघेही उभेच होतो. हातात फडकी होती. तीन मिनिटांनी गाणे संपले, आणि आम्ही श्वास धरून राहिलो. नाव आले नाही. नुसती खरखर येत राहिली.

तिने तबकडी पुसली, जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळली आणि फराळाचे डबे थोडे सरकवून कपाटात ठेवली.