आयबीटी (मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख)

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमात आकाराला आलेला, इयत्ता आठवी ते दहावीसाठीचा कृतिप्रधान अभ्यासक्रम. अन्नतंत्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून या अवर्षणप्रवण गावात आले आणि १९८३ मध्ये त्यांनी, पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे केंद्र म्हणून, आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली मुले मंद नसतात; हाताने काम करताना ती झपाट्याने शिकतात, हे त्यांचे गृहीतक होते. आश्रमातील निवासी अभ्यासक्रमाचा अनुभव पुढे नियमित शाळेत आणला गेला आणि माध्यमिक शालान्त मंडळाने आयबीटीला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली.

विषयाचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. साधारणपणे आठवड्यातील एक दिवस कामासाठी राखला जातो. वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, रोपवाटिका, माती परीक्षण, खाद्यपदार्थ बनवणे, रक्तगट तपासणी अशी कामे विद्यार्थी करतात आणि शिकवणारे निदेशक शक्यतो परिसरातील कुशल कारागीर असतात. काम लुटुपुटीचे नसावे, हा दंडक. शाळेला बाक हवा असेल किंवा गावात कोणाला खिडकीची जाळी हवी असेल, तर मुले माप घेतात, आकृती काढतात, मालाचा आणि मजुरीचा हिशेब मांडून किंमत ठरवतात. भूमितीतला कोन इथे चुकला तर चौकट बसत नाही. गुण कापले जाण्यापेक्षा ही शिक्षा अधिक समजते. कोंबड्यांना घातलेले खाद्य आणि त्यांचे वाढलेले वजन रोज नोंदवले की गुणोत्तर आणि आलेख आपोआप हाताशी येतात.

आश्रमाने नव्या तंत्रज्ञानालाही हेच सूत्र लावले. अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने २००२ मध्ये पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली. संगणकावर काढलेली आकृती यंत्राकडून कापून घेणे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे जुळवणे खेड्यातील मुलांच्या आवाक्यात आले. फळा बदलून पडदा लावणाऱ्या ‘डिजिटल’ वर्गात विद्यार्थी बहुधा प्रेक्षकच राहतो. येथे तो कर्ता असतो. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापण्याचा सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रुजलेला प्रयोग उपयुक्त आहे, मात्र त्याचे काम आशय पोहोचवण्याचे.

आयबीटीची खरी कसोटी निदेशकाचे मानधन, कच्चा माल आणि वेळापत्रक यांवर लागते. त्याहून अवघड भाग म्हणजे कार्यशाळेत घडलेले काम गणित-विज्ञानाच्या शिक्षकाने वर्गातील धड्याशी जोडणे. तो दुवा जुळला नाही, तर विषय निव्वळ हस्तव्यवसायाचा तास होऊन बसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची शिफारस केली आहे. पाबळच्या पद्धतीत असे काम तीन वर्षे, दर आठवड्याला चालते.