विमानाच्या चाकखांबांतील तडे : शोधविद्येची पूर्वपीठिका

विमान जमिनीस टेकतांना त्याचा सर्व भार व धक्का ज्या भागावर पडतो त्यास लँडिंग गिअर म्हणतात. त्याचे मुख्य खांब बहुधा अत्यंत बळकट पोलादाचे असतात. असें पोलाद प्रचंड भार सोसतें. परंतु लहानसा तडाही त्यास घातक ठरतो. तो वेळींच न सांपडल्यास खांब एकाएकीं मोडतो. हा तडा शोधण्याची विद्या विमानाबरोबरच जन्मली असावी, असें वाटणें साहजिक आहे. उपलब्ध पुराव्यावरून मात्र ती त्याहून जुनी ठरते.

ता. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आंस मोडला व पन्नासाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. पुढील वर्षीं रँकिन यानें मोडलेल्या आंसांचें निरीक्षण करून, तडा हळूहळू आंत सरकत जातो, असें प्रतिपादिलें. नंतर प्रशियांत व्होलर यानें प्रयोगांनीं दाखविलें कीं, एकदां सहज पेलणारा भारही वारंवार पडल्यास धातूचा भंग होतो.

रेल्वेच्या कारखान्यांतच एक साधी रीत रूढ झाली. भाग तेलांत बुडवावा, पुसून कोरडा करावा व वर खडूचा पातळ लेप द्यावा. तड्यांत मुरलेलें तेल पाझरून लेपावर काळी रेघ उमटते. १९४० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत स्विट्झर बंधूंनीं तेलाच्या जागीं अतिनील प्रकाशांत चमकणारें द्रव्य आणिलें.

दुसरी शाखा तोफखान्यांतून निघाली. १८६८ सालीं सॅक्सबी यानें चुंबकित केलेल्या तोफेच्या नळीवर होकायंत्र फिरवून दोष हुडकले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हॉक यास चुंबकानें धरलेल्या पोलादावर लोहकण तड्याच्या रेषेंत गोळा होतात असें दिसलें. १९२२ सालीं त्यास त्याचें पेटंट मिळालें. पोलादी खांबांच्या तपासणींत आजही हीच रीत मुख्य आहे. ॲल्युमिनियमास मात्र ती लागू पडत नाहीं. आणि द्रव्याची रीत पृष्ठभागावर तोंड उघडें असलेलाच तडा दाखविते.

या इतिहासाचा बोध आमच्या वाचकांस परका वाटूं नये. १९ जुलै १९८९ रोजीं अमेरिकेंत सू सिटी येथें एक विमान कोसळून शंभराहून अधिक माणसें दगावलीं. तेथें तडा चाकखांबांत नसून इंजिनाच्या चकतींत होता, व पूर्वीं झालेल्या तपासणींत तो नजरेंतून सुटला होता. ‘आढळला नाहीं’ म्हणजे ‘नाहीं’ नव्हे, हें दफ्तरें चाळणारांस निराळें सांगावयास नको.

म्हणूनच आयुर्मर्यादा ठरलेल्या भागाबरोबर त्याच्या जन्मापासूनच्या उतरणींची नोंद ठेवितात. त्या नोंदींची परंपरा तुटली व आयुष्य किती उरलें हें सिद्ध करितां आलें नाहीं, तर भाग डोळ्यांस निर्दोष दिसला तरी तो विमानांत बसवीत नाहींत. कागद अस्सल, अखंड व जपलेला असणें यावर येथें माणसांचे प्राण अवलंबून आहेत.