तसबिरीखालचे नाव

1983 साली जिनिव्हा येथे पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रसंघाची परिषद भरली. एडवर्ड सईद हे तिचे एक सल्लागार होते. 1935 साली जेरुसलेममध्ये, अरब ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले हे विचारवंत अमेरिकेत प्राध्यापक होते. स्विस छायाचित्रकार जाँ मोर यांनी काढलेली पॅलेस्टिनी लोकांची छायाचित्रे परिषदेच्या जागी लावावीत, असे त्यांनी सुचवले. परवानगी मिळाली, पण छायाचित्रांखाली मजकूर नको, अशी अट पडली. शेवटी तडजोड झाली ती फक्त देशाचे वा ठिकाणाचे नाव लिहिण्यावर. इस्राएलने तर परिषदेवर बहिष्कारच टाकला होता. म्हणजे पॅलेस्टिनींची कैफियत नको होती ती परिषदेला आलेल्यांनाच. आपण 'आपले' म्हणतो त्या अरब राष्ट्रांनाही हा प्रश्न एका मर्यादेपर्यंतच सोयीचा होता, हे सईदांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे.

1948 मध्ये सात लाखांहून अधिक माणसे बेघर झाली. त्यांत मुसलमान होते तसे ख्रिस्तीही होते. मोर 1949 मध्येच रेड क्रॉसचे प्रतिनिधी म्हणून या निर्वासितांत पोहोचले होते. पुढे कॅमेरा घेऊन ते पुन्हा पुन्हा गेले. सईदांना मायभूमी दुरावलेली. ती ते मोर यांच्या डोळ्यांनी पाहत होते. जिनिव्हात नाकारलेला मजकूर अखेर पुस्तकात आला. 1986 सालच्या त्या पुस्तकाचे नाव 'आफ्टर द लास्ट स्काय'. ते महमूद दरवेश यांच्या कवितेवरून घेतलेले.

त्यातला एक प्रसंग आम्हाला विसरता येत नाही. अम्मानमध्ये टिपलेला एका वृद्धेचा चेहरा सईद न्याहाळत होते. त्यांना त्यात साऱ्या कौमेचे दुःख दिसत होते. बहिणीने मात्र तीच तसबीर पाहिली आणि सहज त्या बाईंचे नाव घेतले. बाई नात्यातल्याच निघाल्या! ज्याने आयुष्यभर पॅलेस्टिनींची बाजू मांडली, त्यालाही आपल्याच नात्यातले माणूस क्षणभर केवळ 'निर्वासित' वाटले.

छावणीतल्या म्हातारीचे छायाचित्र आपणही वर्तमानपत्रात पाहतो, हळहळतो आणि पान उलटतो. तिचे नाव काय, गाव कोणते, घराची किल्ली कुठे ठेवली आहे, हे आम्ही विचारत नाही. घर हिरावून घेणारे परके असतात; पण नाव विसरण्याचे काम हमदर्दी दाखवणारेही करतात. मोर 2018 साली गेले, सईद त्याआधी 2003 मध्ये. जिनिव्हातली ती अट मात्र आपल्या नजरेत अजून शिल्लक आहे.