मण्याची निगा आणि मणिकाराची निगा

रत्नांविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे राजेरजवाड्यांच्या कथा सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. कोणता हिरा कोणाच्या मुकुटात होता आणि तो कोणी कोणापासून हिरावून घेतला, हे श्रोत्यांस बहुधा पाठच असेल. आमचा विषय त्याहून साधा आहे. खडा सांभाळावा कसा आणि हाताळावा कसा, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे. मात्र आपल्या बोटातील अंगठीत येऊन बसण्यापूर्वी तो खडा अनेक हातांतून गेलेला असतो. खड्याच्या निगेचा विचार त्या हातांपासून आरंभ केला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. आणि त्यासाठी एकाच दगडाचा इतिहास आम्ही निवडला आहे. तो दगड म्हणजे अकीक.

प्रथम घरातल्या निगेचे पाहू. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये खनिजांच्या कठिणपणाची एक ते दहा अशी श्रेणी लावली. हिरा दहावर, गारगोटी सातावर, तर मोती व पोवळे तीन-चारांच्या आसपास. ‘हिऱ्यापोटी गारगोटी’ अशी म्हण करून आपण गारगोटीला हिणवले खरे. परंतु रोजच्या व्यवहारात सत्ता तिचीच चालते. कारण रस्त्यावरून घरात येणाऱ्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. मोत्यावर किंवा ओपलवर बसलेली ही धूळ कोरड्या फडक्याने खसाखसा पुसली, म्हणजे फडक्यातील कण त्या मऊ पृष्ठावर ओरखडे काढतात व पाणी उतरते. म्हणून मोती ओलसर मऊ फडक्याने हलकेच टिपावा, आणि अत्तर व घाम त्यावर राहू देऊ नये. पाचूतील बारीक चिरा पुष्कळदा तेलाने भरलेल्या असतात, तेव्हा त्यास कढत पाणी वर्ज्य. हिरा कठीण असला तरी नेमक्या दिशेने घाव बसल्यास तो फुटतो. शिवाय इतर सर्व खड्यांना तो ओरखडतो, म्हणून त्याची डबी वेगळी असावी. अकीकाला कोमट साबणाचे पाणी व मऊ ब्रश पुरे. बाजारात मिळणारे भडक निळे व गुलाबी अकीक बहुधा रंगविलेले असतात. ते उन्हात ठेवू नयेत.

यातील मुख्य नियम एकच: कोरडे घासू नये. हा नियम श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता अकीकाकडे वळू. अकीक ही गारगोटीचीच जात. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याने घडला, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातील पोकळ्यांत सिलिकेचे थर साचून अकीक तयार झाले. पुढे तो खडक झिजला व हे गोटे वाहून जाऊन दुसरीकडे साठले. गुजरातेत राजपिपळ्याच्या डोंगरांजवळ रतनपूर येथील खाणी अशाच साठ्यांच्या होत.

या दगडाचे मणी करण्याची कला सिंधुसंस्कृतीइतकी जुनी आहे. सिंधमधील चान्हुदडो येथे अर्नेस्ट मॅके यांस १९३५-३६ च्या उत्खननात मण्यांचा कारखानाच सापडला. खंबायतच्या आखाताजवळ लोथल येथे एस. आर. राव यांनी १९५५ पासून उत्खनन केले. तेथेही मणिकारांची जागा व भट्टी मिळाली. इराकमधील ऊर येथे लिओनार्ड वूली यांनी उघडलेल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजकबरींत तांबड्या अकीकाचे मणी निघाले, आणि त्यांतील काही सिंधूच्या कारागिरीचे आहेत. लांब मण्याला छिद्र पाडण्याचा प्रयोग पुढे संशोधकांनी करून पाहिला, तेव्हा तासाला सुमारे अडीच मिलिमीटर एवढीच प्रगती होते असे दिसले. एका बोटभर मण्यापाठीमागे किती दिवसांचे श्रम असतील, याचा हिशेब श्रोत्यांनीच करावा.

महाराष्ट्राचाही या व्यापाराशी संबंध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदरास नेत असल्याची नोंद आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने रतनपूरजवळच्या लिमोदरा गावच्या अकीकाचे वर्णन केले. पुढे खंबायत हे या धंद्याचे माहेरघर झाले आणि तेथील मणी अरबस्तानात व आफ्रिकेत पोचले. रतनपूरच्या डोंगरावर बाबा घोर या पिराचे स्थान आहे. आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक त्यास मानतात, आणि अकीकाच्या धंद्याचे श्रेयही लोककथा त्यालाच देते.

खंबायतची रीत मोठी पाहण्यासारखी. दगड प्रथम उन्हात वाळवावयाचा. मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजावयाचा, म्हणजे त्यातील लोहाचा अंश तांबडा होतो. जमिनीत तिरप्या रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके काढावयाचे. त्यानंतर घासणे, हिऱ्याच्या कणाच्या टोकाने छिद्र पाडणे, आणि शेवटी झिलई. पूर्वी झिलईसाठी मणी, बारीक पूड व पाणी चामड्याच्या पिशवीत भरून दोन माणसे ती पिशवी दिवसचे दिवस हलवीत. छिद्र पाडतानाही पाण्याची धार असे. जुने सर्व निर्मळ होते असे आमचे म्हणणे नाही. टवके काढताना तेव्हाही धूळ उडतच होती. परंतु विजेवर फिरणारे कुरुंदाचे चाक आले आणि त्यावर अकीक कोरडा घासला जाऊ लागला, तेव्हा धुळीचे मान पार पालटले. चाक वेगाने फिरते, काम झटपट उरकते, आणि पांढरी पूड घासणाऱ्याच्या तोंडावर, अंगणात, शेजारच्या घरात जाऊन बसते.

ही पूड म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिचे जे कण मिलिमीटरच्या शतांशाहूनही लहान असतात, ते श्वासावाटे फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. शरीरातील रक्षक पेशी त्यांस गिळतात व स्वतः मरतात. कण मोकळा होतो व दुसऱ्या पेशीला मारतो. हळूहळू फुप्फुसात वण धरतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरे करणारे औषध नाही. आणि काम सोडल्यावरही तो वाढत राहू शकतो. अशा फुप्फुसाला क्षय लवकर गाठतो, त्यामुळे पुष्कळदा रोग्याच्या कागदावर क्षयच लिहिला जातो व धुळीचे नाव कोठेच येत नाही. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या धुळीस कर्करोग उत्पन्न करणारी म्हणून नोंदविले.

हे ज्ञान नवे आहे काय? मुळीच नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला व पाथरवटांच्या फुप्फुसांत दगडाचे कण कसे साठतात हे सांगितले. रोग्याला ‘तुझा धंदा कोणता?’ असे विचारावे, हा धडा त्यानेच वैद्यांस दिला. १९३० मध्ये जोहान्सबर्ग येथे याच रोगावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसची वर्दी देणे बंधनकारक केले.

मग गाडे अडले कोठे? अडले ते ‘कारखाना’ या शब्दापाशी. त्या कायद्यात विजेवर काम असल्यास दहा आणि विजेवाचून असल्यास वीस माणसे हवी होती. २०२० च्या संहितेत हे आकडे वीस व चाळीस झाले. खंबायतचे चाक मात्र पुष्कळदा घराच्या ओसरीवर, नाहीतर दोन-चार माणसांच्या खोपट्यात फिरते. व्यापारी दगड देतो, नगावर मजुरी मोजतो. हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही. कारागीर आजारी पडला म्हणजे त्याचा मालक कोण, हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्याच शिरावर. संघटनेच्या कामात आम्ही गिरणीच्या दाराशी उभे राहून बोलू शकतो. जेथे दारच नाही तेथे बोलावयाचे कोणाशी?

उपाय अवघड नाहीत. चाकावर पाणी सोडावे, धूळ जागच्या जागी ओढून घेणारा पंखा व नळी बसवावी, चाक राहत्या घरापासून दूर न्यावे. तोंडाला फडके बांधले म्हणजे झाले, असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. साध्या फडक्यातून हे सूक्ष्म कण सहज जातात, आणि दोष मात्र फडके न बांधणाऱ्याच्या माथी येतो. यंत्र सुधारावयाचे सोडून माणसाला शिकवण देणे, ही मालकवर्गाची जुनी खोड आहे. ऑस्ट्रेलियात कृत्रिम क्वार्ट्झच्या फरश्या कापणाऱ्या तरुणांना हाच रोग झाला, तेव्हा तेथील कामगार संघटनांनी बंदीची मागणी लावून धरली आणि १ जुलै २०२४ पासून त्या फरशीवरच बंदी आली. म्हणजे मनात आणले तर सरकारास हे करता येते.

आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी रत्नपरीक्षेचे शास्त्र रचले. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हिरा, मोती, माणिक यांचे गुणदोष व मोल सांगितले आहे. त्या शास्त्राला आता एक परीक्षा जोडावी, अशी आमची सूचना आहे. मणी विकत घेताना त्याचा रंग पाहावा, झिलई पाहावी, आणि हा ओला घासला की कोरडा, हेही दुकानदारास विचारावे. त्याला उत्तर ठाऊक नसेल, तरीही विचारावे. दहा गिऱ्हाइकांनी विचारले म्हणजे तो व्यापाऱ्याला विचारील, आणि व्यापाऱ्याला कधीतरी चाकापर्यंत जावे लागेल. घरी मोती पुसताना आपण जी काळजी घेतो, तीच त्या चाकापाशी बसलेल्या माणसाच्या वाट्याला यावी, याहून अधिक आमचे मागणे नाही.