मातीखालचा ठसा

बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याच्या शास्त्रात भारताचा वाटा मोठा आहे. १८९७ मध्ये कोलकात्यात जगातला पहिला अंगुलिमुद्रा विभाग सुरू झाला. ज्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्री यांचे नाव मिळाले, त्याच्या उभारणीत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय अधिकारी होते. जमिनीत पुरलेल्या वस्तूवरचा ठसा ही याच शास्त्राची एक अवघड शाखा. वाचकांनी तिच्याकडे वळावे, यासाठी हे चार शब्द.

आरोपीने निवेदन दिले आणि पंचांसमक्ष बांधालगत पुरलेला कोयता काढून दिला, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार (जुन्या पुरावा कायद्यात कलम २७) ती माहिती पुराव्यात येते. पण त्यावरून कोयता कुठे होता हे त्याला ठाऊक होते, एवढेच ठरते. तो कोणाच्या हातात होता, हे ठसा सांगू शकतो. मला हा विषय मोलाचा वाटतो तो यासाठी.

अभ्यासाला बारामती-इंदापूरसारखा मुलूख शोधून सापडणार नाही. नीरा डाव्या कालव्याखालची भारी काळी जमीन, पाणी जास्त होऊन चोपण झालेली शेते आणि जिरायती पट्ट्यातला मुरूम, सारे थोडक्या अंतरात भेटते. काळी माती ओलीने फुगते, वाळली की भेगाळते. तिचा चिकट थर वस्तूला धरून बसतो आणि निघताना ठसाही खरवडू शकतो. चोपणातल्या क्षारांनी लोखंड लवकर गंजते. मुरमातून पाणी झटकन निचरते. म्हणून कुठे पुरले होते, हे आधी विचारायचे आणि कोणते रसायन, हे मग.

घामातले मीठ आणि अमिनो आम्ले पाण्यात विरघळतात. अमिनो आम्लांवर चालणारे निनहायड्रिन त्यामुळे भिजलेल्या कागदावर हात टेकते. चेहऱ्या-केसांवरून बोटांना लागलेला तेलकट अंश मात्र तग धरू शकतो. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची बारीक पूड साबणी पाण्यात ढवळून काचेवर किंवा धातूवर सोडली, की करडे कण त्या तेलकट रेघांना चिकटतात आणि हलक्या पाण्याने धुतल्यावर ठसा दिसू लागतो. अर्थात, शेतातच कुणी वस्तू फडक्याने पुसली असेल किंवा ओलीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधली असेल, तर प्रयोगशाळेच्या हाती फारसे उरत नाही.

नवख्या वाचकांनी थोडे हात मळवावेत, असे सुचवतो. काचेच्या स्वच्छ पट्ट्यांवर एकाच बोटाचे ठसे घ्या. काही उसाच्या पाणभरत्या वाफ्यात आणि काही मुरमाड माळावर, सारख्याच खोलीवर पुरा. आठवड्यागणिक एकेक काढा. ओल, खोली, मातीचा रंग वहीत टिपा. एक पट्टी न पुरता घरात ठेवायला विसरू नका, कारण बाकीच्या साऱ्या तिच्याशीच ताडून पाहायच्या आहेत.