चांदणीखालची दारं



फौजेत रात्रीच्या पहारेकऱ्याचा पहिला सवाल ठरलेला, ‘थम, कौन आता है?’ ओळख पटल्याशिवाय कमांडिंग ऑफिसरलाही आत सोडत नाहीत. वेबसाइटच्या दारात हा सवाल आपला ब्राउझर विचारतो आणि साइट आपलं सिक्युरिटी सर्टिफिकेट दाखवते.

मोठ्या साइटला दारं अनेक, म्हणजेच सबडोमेन. सगळ्यांसाठी एकच ओळखपत्र हवं, तर नावाच्या जागी चांदणी टाकून वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घेतात. सोय मोठी, जोखीमही तेवढीच.

२०११ साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली. १० जुलैला गूगलच्या नावाचं बनावट वाइल्डकार्ड निघालं आणि इराणमधल्या जीमेलधारकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. कंपनीला घुसखोरी जुलैतच कळली होती, पण ती गप्प राहिली. ऑगस्टअखेर इराणमधल्या एका माणसाला क्रोमने इशारा दिला, तेव्हा बिंग फुटलं. पाचशेहून अधिक बनावट सर्टिफिकेटं निघाली होती. सप्टेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली.

आपणही सुटलो नाही. जुलै २०१४ मध्ये नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं.

यातून धडा घेतला गेला. सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी नावाची खुली नोंदवही आली. २०१८ पासून क्रोम नव्या सर्टिफिकेटांची नोंद तिथे मागतो. गार्डरूमचं रजिस्टर चावडीवर उघडं ठेवावं, तसं हे.

माजी सैनिकांच्या एका छोट्या संस्थेची साइट मी सांभाळतो. एकदा बेळगावहून एका वीरपत्नीचा फोन आला. “साहेब, फॉर्म उघडताना धोक्याची पाटी येतेय. तरी भरू का?”

‘भरा, काही होत नाही,’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण त्यांना आज पहारेकऱ्याला डावलायला शिकवलं, तर उद्या खऱ्या ठगाच्या दारातही त्या तशाच शिरतील. म्हटलं, “थांबा ताई, चूक आमची आहे.”

चांदणी एकाच पायरीपुरती चालते. ‘पेन्शन’ हे सबडोमेन तिच्याखाली होतं, त्याच्या पोटातलं ‘फॉर्म’ मात्र उघडं.

त्या रात्री मी आमच्या सगळ्या सबडोमेनांची यादी नोंदवहीशी ताडली. यादीत आहे पण कुठल्याच सर्टिफिकेटखाली नाही, ते दार उघडं. नोंदवहीत आहे पण आपण मागवलेलं नाही, तो तोतया. तोतया निघाला नाही, पण उघडी दारं आणखी दोन सापडली.

तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला ही फेरी मी स्वतः मारतो. पहारा नेमला म्हणजे काम संपत नाही, तो तपासावाही लागतो.

जय हिंद.